रूळ गेले, वाट राहू द्या

बुलढाणा जिल्ह्यात कुणाला गाव विचारलं की तालुक्याच्या आधी एक गोष्ट कळते, माणूस घाटावरचा की घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. रेल्वे आली ती फक्त घाटाखाली. मुंबई–नागपूर मार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत जिल्हा ओलांडतो आणि जलंबहून एक छोटा फाटा खामगावला जातो. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहराला आजही स्टेशन नाही. खामगाव–जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. ती मागता मागता आजोबांची पिढी गेली, आता नातवंडं निवेदनं देतात.

अशा जिल्ह्यातून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकल चालवण्याविषयी पुस्तक निघतं, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आम्हाला गाडी पाहिजे, तुम्ही सायकलीचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे आणि या पुस्तकाच्या वाचकानं तो विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. माझं उत्तर असं की ज्याला रेल्वे मिळालेली नाही त्यालाच रेल्वेच्या जमिनीची किंमत नीट कळते. शेकडो शेतांतून, ओढ्यानाल्यांवरून, गावांच्या शिवांवरून एकसलग पट्टी मिळवणं किती अवघड असतं, हे खामगाव–जालन्याची वाट पाहणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. मोजणी, सर्वेक्षण, भूसंपादन, मोबदला, हरकती यांतच आयुष्यं सरतात. मग शेजारच्या जिल्ह्यांत अशी पट्टी एकदा मिळालेली, भराव घातलेली, मोऱ्या बांधलेली, आणि आता गाडीविना पडून असेल, तर ती तुकड्यातुकड्यानं नाहीशी होऊ देणं मला पटत नाही. तिच्यावर सायकली फिरू लागल्या तर ती पट्टी लोकांच्या नजरेत राहते, वापरात राहते, सलग राहते. आणि सलग राहिली तर उद्या तिच्यावर गाडीही परत येऊ शकते. मात्र एक वाट अशी आहे की तिथं सायकलही नको. तिच्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलं आहे.

आधी सायकल आणि रेल्वे यांचं जमतं का, ते सांगायला हवं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अगदी थोड्या ताकदीत गडगडतं, पण तेच चाक चढावर घसरतं. म्हणून रेल्वेचा इंजिनिअर चढाला फार भितो. डोंगर आला तर तो वळसा घालतो, टेकाड आलं तर कापतो, खोलगट भाग आला तर मातीचा भराव टाकतो. साध्या मुलखातल्या मार्गावर शंभर मीटरला एक मीटर एवढा चढसुद्धा त्याला पुष्कळ वाटतो. खंडाळ्याच्या बोर घाटात सदतीस मीटरला एक मीटर चढ घ्यावा लागला, तिथं गाडीला मागून इंजिनं लावून ढकलावं लागतं. आता हेच आकडे सायकलस्वाराच्या पायांना लावून पाहा. मोताळ्याकडून बुलढाण्याला राजूर घाटातून सायकल चढवणाऱ्याला घाटाचा रस्ता काय असतो ते ठाऊक आहे: मांड्या भरून येतात, छाती फुलते, अर्ध्या वाटेत उतरून ढकलत न्यावी लागते. शंभरास एक चढ मात्र दप्तर पाठीवर घेतलेली आठवीतली मुलगीसुद्धा बोलत बोलत चढते. वाफेच्या इंजिनासाठी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हा चढ मोजला, त्यांनी नकळत सायकलसाठीही सर्वांत सोसवणारी वाट आखून ठेवली.

वऱ्हाडात याला आणखी एक कारण जोडलं जातं, ते म्हणजे काळी माती. कपाशीला ती आई आहे, पण चाकाला वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि चिकटते. आमच्या पांदण रस्त्यांवरून जुलैत सायकल न्यायचा प्रयत्न ज्यानं केला त्याला सांगायला नको: दहा हातांवर चिखल मडगार्डात भरतो, चाक फिरायचं थांबतं, काडीनं चिखल खरवडायचा, पुन्हा दहा हात जायचं. शेवटी सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. रेल्वेलाही हीच माती छळत होती. म्हणून तिनं भराव उंच घेतला, वर गिट्टी अंथरली, पाण्याला जायला मोऱ्या ठेवल्या. भरावासाठी दोन्ही अंगांनी माती उचलली, तिथले खड्डे पावसाळ्यात भरतात आणि त्यांत बगळे, टिटव्या उतरतात. रूळ काढले तरी हा उंच, निचरा होणारा भराव उरतो. पावसाळ्यात गावाहून गावाला कोरड्या पायानं जाता येईल अशी ती कित्येक ठिकाणी एकुलती एक वाट असते. शेतकरी हे कधीचे ओळखून आहेत. गाडी चालू असतानाही रुळांच्या कडेनं पायवाट पडलेली असायचीच.

खामगाव–जलंब फाटा बंद पडलेला नाही, त्यावर आजही गाडी धावते. तरी या पुस्तकाची सुरुवात तिथूनच केली आहे, आणि मला ते बरोबर वाटतं. बंद रेल्वेची वाट समजून घ्यायची तर चालू रेल्वेचा फाटा का आणि कसा घातला गेला हे आधी पाहावं. १८५३च्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर स्थिरावली. जीआयपी कंपनीची रेल्वे भुसावळहून पूर्णेच्या खोऱ्यानं पुढं सरकत १८६७मध्ये नागपूरला पोहोचली. पण ती सरळ सपाट जमीन धरून गेली आणि वऱ्हाडातला मोठा कापूस बाजार असलेलं खामगाव तिच्यापासून आठ मैल दक्षिणेला राहिलं. अमरावतीचंही तसंच झालं, मार्ग बडनेऱ्याहून गेला. दोन्ही ठिकाणी मग सरकारी पैशानं छोटे फाटे घातले गेले. खामगावचा फाटा १८७०मध्ये सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! कापसाच्या गाठींचं वजन तेव्हा काय होतं याचा अंदाज यावरून येतो.

त्यापूर्वी हा कापूस बैलगाड्यांवरून जायचा. गाडीवान रात्री गाड्या हाकत, दिवसा झाडाखाली बैल सोडत. धुळीनं, पावसानं कापूस खराब होई, घाटांत गाड्या मोडत. रेल्वे आल्यावर हा प्रवास दिवसांवरून तासांवर आला. खामगावात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले, परदेशी कंपन्यांचे दलाल येऊन बसले. शेतकऱ्याच्या अंगानं पाहिलं तर गोष्ट एवढी सुखाची नाही. इंग्लंडचा भाव तारेनं खामगावच्या बाजारात पोहोचू लागला आणि त्या भावाला आमच्या घरांचं नशीब बांधलं गेलं. ज्वारीच्या शेतात कपाशी शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लागोपाठ दुष्काळ आले तेव्हा पैशासाठी पिकवलेला कापूस पोटाला उपयोगी पडला नाही. कापसाच्या भावाचं हे दुखणं वऱ्हाडानं अजून अंगावर वागवलं आहे. जलंबच्या रस्त्यानं सायकल चालवताना डावी-उजवीकडं दिसणारी कपाशी पाहून हा इतिहास आठवला नाही, तर त्या सफरीतलं निम्मं पाहायचं राहिलं असं मी म्हणेन.

चालू रेल्वेच्या रुळांवर किंवा भरावावर सायकल घालायची नाही, हे इथंच स्पष्ट लिहितो. १९८९च्या रेल्वे कायद्यात तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी वीजगाडी आता आवाज न करता येते. फाट्याच्या सोबतीनं जायचं ते रस्त्यानं आणि पांदणीनं. वाट कधी रुळांच्या अगदी जवळ येते, कधी शेतापलीकडं जाते, फाटकावर पुन्हा भेटते. खामगावहून निघावं, सकाळी लवकर, हवेत गारवा असताना. दसऱ्यानंतर कापूस फुटतो, दिवाळीच्या सुमाराला वेचणी ऐन भरात येते, त्या दिवसांत ही सफर सर्वांत देखणी. ओटीत कापूस भरत बायका ओळीनं पुढं सरकत असतात, तुरीला पिवळी फुलं आलेली असतात, तारेवर नीलपंख बसलेला असतो. जलंबला मुख्य मार्ग भेटतो आणि तिथून शेगाव जवळ आहे. शेगावात गजानन महाराजांचं दर्शन घेऊन, स्टेशनाबाहेर कचोरी खाऊन, हवं तर सायकल टाकून गाडीनं परत या. आषाढीनंतर महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात लाखो माणसं पायी चालतात. पायी वाटेचं मोल या जिल्ह्याला बाहेरून येऊन कुणी सांगायची गरज नाही, एवढं त्यावरून कळतं.

आता शकुंतलेकडं, म्हणजे वऱ्हाडातल्या बंद पडलेल्या छोट्या रुळांच्या गाडीकडं वळतो. बुलढाण्याच्या सायकलस्वारानं तिच्यासाठी जिल्हा ओलांडून मूर्तिजापूरला जावं. शेगावहून गाडीनं ते फार दूर नाही. मूर्तिजापूरहून एक मार्ग दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जातो आणि दुसरा उत्तरेला लाखपुरी, दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. रूळ अवघे अडीच फूट अंतराचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून हा मार्ग घातला, अर्थात कापसासाठी. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही वाट त्या खासगी कंपनीच्या नावावर राहिली आणि भारतीय रेल्वे तिच्यावर गाड्या चालवत राहिली. मँचेस्टरला १९२१मध्ये घडलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत हीच गाडी ओढत होतं. नंतर डिझेल आलं. मागच्या दशकात एकेक करत गाड्या थांबल्या आणि आज ती धावत नाही.

शकुंतलेवर वऱ्हाडानं जेवढा जीव लावला तेवढा कुठल्या फास्ट गाडीवर लावला नाही. ती ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालायची, म्हणजे चांगल्या सायकलस्वाराच्या वेगानं. कित्येक फाटकांवर गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं सरकली की ते उघडून परत चढायचा. बसच्या तिकिटापेक्षा तिचं तिकीट पुष्कळ स्वस्त होतं, म्हणून मजूर, भाजीवाल्या, शाळेतली मुलं तिची वाट पाहत थांबायची. ती बंद झाल्यावर या लोकांचं काय झालं, हा प्रश्न मला तिच्या इतिहासापेक्षा मोठा वाटतो. ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी दुचाकी घेतली. ज्यांच्याकडं नव्हते ते ऑटोत दाटीनं बसतात, नाहीतर चालतात.

शकुंतला परत सुरू व्हावी, ब्रॉडगेज होऊन सुरू व्हावी, अशी मागणी करणारे लोक तिकडं वर्षानुवर्षं झगडत आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. सायकलवाट म्हटलं की त्यांना शंका येते, की गाडीच्या मागणीवर ही माती टाकण्याची युक्ती तर नाही? ही शंका मनापासून दूर करायची तर जगात हे कसं घडलं ते पाहावं लागतं. अमेरिकेत १९६०च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा बंद पडलेला रेल्वेमार्ग, तीन बोगद्यांसह, सायकलवाट म्हणून खुला झाला आणि मग देशभर तशा वाटा निघाल्या. पण खरं महत्त्वाचं पाऊल १९८३चं. त्या वर्षी तिथल्या कायद्यात तरतूद झाली की रेल्वे कंपनीनं मार्ग बंद केला तरी जमीन तुकडे करून आजूबाजूच्या मालकांकडं जाऊ न देता राखता येईल. ती सलग ठेवायची, मधल्या काळात तिच्यावर पायी आणि सायकलनं जायला वाट करायची आणि पुढं कधी रेल्वेची गरज पडली तर ती पुन्हा रेल्वेला द्यायची. तिथं सायकलवाट ही रेल्वेची राखण करणारी म्हणून कायद्यात आली.

ब्रिटननं हे केलं नाही, त्याची किंमत मोजली. १९६३मध्ये मार्ग बंद करण्याची शिफारस करणारा बीचिंग यांचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो मैल रेल्वे बंद झाली. जमिनी विकल्या, पूल पाडले. स्कॉटलंडमधलं एडिंबरो ते इंग्लंडमधलं कार्लाईल हा मार्ग १९६९मध्ये बंद झाला. त्याचा एक भाग पुन्हा सुरू करायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात एडिंबरोच्या बाह्यवळणाचा मोठा रस्ता त्याच पट्टीवरून आडवा गेला होता. त्याच ब्रिटनमध्ये ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधला बंद मार्ग मात्र स्वयंसेवकांनी १९७९पासून स्वतः खपून सायकलवाट केला. सुमारे एकवीस किलोमीटरची ती वाट आज शाळेत आणि कामावर जाणाऱ्यांनी भरलेली असते. न्यूझीलंडच्या ओटागो भागात १९९०मध्ये रेल्वे बंद झाली आणि २०००मध्ये तिच्यावर दीडशे किलोमीटरची सायकलवाट खुली झाली. जी छोटी गावं रेल्वेबरोबर ओस पडत होती तिथं खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या उघडल्या. स्पेननं १९९३पासून असे मार्ग हिरव्या वाटा म्हणून देशभर तयार करायला घेतले.

ही उदाहरणं सांगायची ती उचलून दर्यापूर-अंजनगावात तशीच बसवण्यासाठी नव्हेत. ओटागोत शहरी पर्यटक येतात, त्यावर गावं जगतात. आमच्याकडं शकुंतलेच्या पट्टीवर पहिली सायकल पर्यटकाची नसेल, ती शाळेच्या मुलीची असेल. वऱ्हाडात सायकल ही हौसेची वस्तू होण्याच्या आधीपासून गरजेची वस्तू आहे. हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लावून पहाटे शहरात येणारा गवळी, मागच्या कॅरिअरवर चाऱ्याचा भारा बांधलेला म्हातारा, खेड्यातून दहावीच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुली. यांना आज मोठ्या रस्त्याच्या कडेनं, ट्रकच्या वाऱ्यात, जीव मुठीत धरून जावं लागतं. रस्ते चौपदरी होतात तेव्हा सायकलसाठी जागा ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही, उलट असलेली साइडपट्टीही डांबराखाली जाते. शकुंतलेची पट्टी गावांच्या मधोमध जाते, स्टेशनं गावाला लागून आहेत, आणि तिच्यावर ट्रक येऊ शकत नाही. मुलीची शाळा सुटू नये म्हणून सरकार सायकल देतं, ती सायकल कुठून चालवायची तेही सरकारनंच सांगायला हवं. शकुंतलेच्या जमिनीची मालकी, कंपनी, करार या साऱ्या गाठी सुटेपर्यंत निदान काठावरच्या पंचायतींनी अतिक्रमण होऊ देऊ नये, मोऱ्यांचे दगड आणि पुलांचं लोखंड जाऊ देऊ नये, एवढं तर आज करता येतं.

आता त्या वाटेबद्दल, जिथं सायकलही नको असं मी म्हटलं. अकोला–खंडवा मीटरगेज. जुन्या माणसांना या मार्गावरची मीनाक्षी एक्सप्रेस आठवते. काचीगुड्याहून थेट राजस्थानपर्यंत जाणारी ही गाडी अकोट, हिवरखेड सोडून वान रोडला आली की सातपुडा सुरू व्हायचा. पुढं धुळघाट. इथं चढ पेलण्यासाठी मार्ग डोंगराला पूर्ण वळसा घालून वर यायचा आणि खालच्या आपल्याच रुळांना वरून ओलांडायचा. डब्याच्या खिडकीतून खालचे रूळ दिसले की आपण त्यांवरूनच आलो हे मुलांना पटायचं नाही. मेळघाटातलं सागाचं रान, कोरकू वस्त्या, वान नदीचं पात्र, पावसाळ्यात दरीत उतरणारे ढग, सारं या गाडीतून दिसायचं. सौंदर्याचाच विचार केला तर महाराष्ट्रात सायकलसाठी याहून देखणी रेल्वेवाट सापडणं कठीण.

आणि तरीही तिथं जाऊ नये. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४पासूनचा. २०१७च्या सुरुवातीला मीटरगेज बंद झाली. तिचं ब्रॉडगेज करताना जुनाच मार्ग धरला तर सुमारे चाळीस किलोमीटर रूळ वाघाच्या रानातून जातील, म्हणून वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांनी ती वाट सोडून बाहेरून जाण्याचा आग्रह धरला. राज्य सरकारनंही २०२०मध्ये केंद्राकडं तोच आग्रह धरला. गाडीची शिट्टी थांबल्यापासून त्या रानात जी शांतता आली ती जनावरांच्या उपयोगाची आहे. रात्री वाघ, अस्वल, गवे मोकळ्या भरावावरून जातात, कारण त्यांनाही सोपा चढ हवा असतो. आपण सायकली घेऊन तिथं गेलो तर जे वाचवायचं ठरलं तेच मोडू. व्याघ्र प्रकल्पात विनापरवानगी शिरणं कायद्यानं बंद आहे आणि ते बंदच राहावं. सुंदर वाट दिसली की ती आपल्यासाठी खुली व्हायलाच हवी, हा हट्ट सोडायची सवय आपण लावून घ्यायला हवी. या पुस्तकात धुळघाटाचा नकाशा दिलेला नाही, तो याच कारणानं, आणि संपादकांच्या त्या निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

सातपुड्याच्या पायथ्यानं मात्र मनसोक्त फिरता येतं. शेगावहून वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा असं उत्तरेला गेलं की पूर्णेचं सपाट, खारट पाण्याचं खोरं मागं पडतं आणि समोर डोंगराची निळी रेघ गडद होत जाते. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तोंडात घालवत नाही, म्हणून बाटल्या शेगावातच भरून घ्याव्यात. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाटाचा बुलढाणा जिल्ह्यात आलेला भाग. वारीला वान नदीवर हनुमान सागर धरण आहे, तिथून अकोला जिल्हा लागतो. बाभळीचे काटे आणि सराटे इथं ट्यूबला फार त्रास देतात. पंक्चरचं सामान, पंप आणि एक जास्तीची ट्यूब सोबत हवीच. मार्चनंतर दुपारी या भागात सायकल चालवू नये. पारा पंचेचाळिशीकडं जातो आणि सावलीला झाड मैलभर नसतं.

हीच ती गावं जिथून नवी रेल्वे जाणार आहे. मेळघाट टाळून आखलेला अकोट–खंडवा मार्ग हिवरखेडहून सोनाळा, जामोदकडं वळतो आणि मग मध्य प्रदेशात शिरतो. जुन्यापेक्षा तो लांब आहे, पण त्यानं संग्रामपूर आणि जळगाव जामोद या रेल्वे कधी न पाहिलेल्या तालुक्यांत पहिल्यांदा स्टेशन येईल. आता सांगतो ते घाटावरच्या गावांनी खामगाव–जालन्यासाठी मनात ठेवावं आणि या पायथ्याच्या गावांनी आताच वापरावं. नवा मार्ग घालताना शेजारून बांधकामाचा रस्ता करावाच लागतो: गिट्टी, स्लीपर, मुरूम, यंत्रं सारं त्यावरून येतं. काम संपलं की तो रस्ता उखडला जातो, नाहीतर झुडपांत जातो. तो राखायचा, रेल्वेच्या कुंपणाबाहेर, गावाहून गावाला सायकलनं आणि पायी जाण्यासाठी. त्याचा चढ रेल्वेच्याच चढाचा असेल, त्याच्याखाली मुरूम आधीच पडलेला असेल, जमिनीचं संपादन त्याच मोजणीत होऊ शकतं. पुलांवर रुळांच्या बाजूला सायकल जाईल एवढी पट्टी नकाशातच मागितली तर खर्च थोडा वाढतो. पूल बांधून झाल्यावर मागितली तर ती मिळत नाही. सोनाळा आणि जामोदच्या ग्रामसभांनी हा ठराव मार्गाची अंतिम आखणी होण्याआधी घ्यावा, सरपंचांनी तो जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि रेल्वेच्या बांधकाम विभागाकडं लेखी पाठवावा, आणि सोबत आपल्या शाळेत दुसऱ्या गावाहून किती मुली सायकलनं येतात त्यांची यादी जोडावी.